दारूबंदीच्या जिल्ह्यात स्मरणशक्तीचा प्रश्न

गांधीजी आणि विनोबांची कर्मभूमी असलेल्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तरीही मोहाचा सडवा नष्ट केल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. वाद रंगतो तो बंदी ठेवावी की उठवावी यावर. वर्षानुवर्षे पिऊन ज्यांच्या मेंदूवर परिणाम झाला, त्यांचा प्रश्न मागेच राहतो.

दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याचे बोलणे, शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञान बहुधा शाबूत असते. त्यामुळे बुद्ध्यांक ठीक दिसू शकतो. बिघडते ते नवे लक्षात ठेवणे, नियोजन करणे आणि तलफ आल्यावर स्वतःला आवरणे. घरच्यांना असा माणूस बेफिकीर किंवा खोटारडा वाटतो. प्रत्यक्षात, सांगितलेले त्याच्या मेंदूत अनेकदा नीट नोंदलेलेच नसते. अशा रुग्णाला तासभर समुपदेशन केले, तरी दुसऱ्या दिवशी त्यातले किती उरणार?

म्हणून बुद्ध्यांकाबरोबर स्मरणशक्तीही मोजायला हवी. त्यासाठी चंदीगडच्या ‘पीजीआय’मध्ये तयार झालेली स्मरणशक्ती चाचणी उपलब्ध आहे. निरक्षरांनाही देता येणारी भाटिया बुद्धिमापन चाचणी १९५५ची. पण ती शाळकरी वयाच्या मुलांवर प्रमाणित झालेली. शेतमजुराचे गुण वाचताना त्याचे वय आणि शिक्षण विसरून चालत नाही.

वेळही महत्त्वाची. दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत थरथर, निद्रानाश आणि औषधांची गुंगी असते. तेव्हाचे गुण फसवे ठरतात. दोन-तीन आठवड्यांनी चाचणी घ्यावी, काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी. दारूपासून दूर राहिल्यास अनेकांची स्मरणशक्ती बऱ्याच अंशी सुधारते. मात्र ‘ब-१’ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता वेळीच भरून न काढल्यास कायमचा स्मृतिभ्रंश होऊ शकतो. गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच रुग्णालय गाठावे.

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, मद्यावलंबी असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्याला यापेक्षा चांगले करता येईल. व्यसनमुक्तीच्या उपचारांत स्मरणशक्तीची तपासणी नियमित झाली, तर कमकुवत स्मरणशक्तीच्या रुग्णाला छोटी सत्रे, लेखी किंवा चित्रमय सूचना आणि सोबत एक नातेवाईक देता येईल. बंदीने बाटली अडवता येते. विसरलेला माणूस परत आणायला उपचारच लागतात.