लायटरपासून सुरुवात करा

स्वयंपाकघरातल्या गॅसच्या लायटरला ना सेल लागतो, ना वीज. आत सिरॅमिकचा छोटा दंडगोल असतो. स्प्रिंगने ताणलेली हातोडी त्यावर आदळली की क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते. हे सिरॅमिक बहुधा ‘पीझेडटी’, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेट; त्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक शिसे असते. आटगाव, शहापूर, मुरबाडच्या पाड्यांत सिलिंडर पोचला तसा लायटरही पोचला, आणि बिघडला की तो भंगारात किंवा उकिरड्यावर जातो. ई-कचरा नियमांत शिशाची मर्यादा वजनाच्या 0.1 टक्का आहे, पण युरोपप्रमाणेच आपणही अशा दाबविद्युत सिरॅमिकला सूट दिली आहे. बिनशिशाचे सिरॅमिक तेवढे सरस नाही, हे सुटीचे कारण. लायटरपुरते ते पटण्यासारखे नाही.

पीझेडटीचा दरारा आहे तो दाबागणिक मिळणाऱ्या विद्युतभारामुळे. नेहमीच्या कठीण पीझेडटीत तो दर न्यूटनला सुमारे 290 पिकोकूलोम्ब, तर बिनशिशाच्या साध्या पोटॅशियम-सोडियम निओबेटमध्ये जेमतेम 80. पण ठिणगीला आधी व्होल्टेज लागते आणि ते ठरते भाराला परावैद्युतांकाने, म्हणजे पदार्थाच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेने, भागून. पीझेडटीचा परावैद्युतांक 1300च्या आसपास, निओबेटचा 290. भागाकार केला तर निओबेटच थोडे पुढे निघते. (तक्त्यातला एकच रकाना वाचून निकाल देण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे.) ठिणगीच्या ऊर्जेत मात्र साधे निओबेट तिसऱ्या हिश्श्यावर येते, हे मान्य. म्हणून तर मिश्रण सुधारावे लागते. 2004मध्ये टोयोटाच्या संशोधकांनी लिथियम, टँटलम, अँटिमनी घालून आणि कण एका दिशेने लावून हा भार 416वर नेला. लायटरला त्याच्या बरेच अलीकडे थांबले तरी चालेल.

शिसे सिरॅमिकमध्ये पक्के बांधलेले असते, मग भीती कसली, असे विचारले जाते. वापरणाऱ्याला ती फारशी नाहीच. ती आहे भट्टीवरच्या कामगाराला. पीझेडटी 1200 अंशांच्या आसपास भाजताना शिशाचे ऑक्साइड उडून जाते, म्हणून मूस झाकतात आणि घाण्यात ते मुद्दाम जादा घालतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेफिल्ड विद्यापीठाच्या 2016च्या अभ्यासात, निओबियमच्या खाणकामामुळे निओबेटचा पर्यावरणावरचा एकूण भार पीझेडटीपेक्षा जास्त निघाला. तेव्हा ‘शिसेमुक्त’ म्हणजे निर्मळ, असे कोणी समजू नये. तरीही खाणीवर अंकुश ठेवता येतो, तिचा पत्ता ठाऊक असतो. गावोगावच्या उकिरड्यांत विखुरलेले शिसे कोण वेचणार?

पाणबुडीचे सोनार आणि सोनोग्राफीचा प्रोब यांना आज पीझेडटीवाचून गत्यंतर नाही. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण-संशोधन संस्थेत पीझेडटीचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, ते उगाच नव्हे. त्यांची सूट राहू द्या. लायटरची मात्र मुदत घालून काढा, आणि ती तारीख कारखानदारांना आजच कळवा.