साडीवर कोट, हातात फाईल

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरा प्रकल्पाच्या अंगाला पाली लागतं. या पट्ट्यातल्या घरांनी स्थलांतर जवळून पाहिलं आहे. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आता काही घरांतली मुलं-मुली शिकून पुण्याला लागली आणि त्यातली काही तिथून पुढे अमेरिकेला गेली. आधी एच-वन-बी व्हिसा, मग ग्रीन कार्डाची न संपणारी वाट, ते हाती आल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. मुलाखतीची तारीख आली की व्हिडिओ कॉलवर गावाकडून एक प्रश्न हमखास येतो : "कापडं कोणती घालून जाणार?"

बहुतेक वेळा हा प्रश्न आईचा असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फॉर्म तिला वाचता येत नाही, अमेरिकेची राज्यघटना तिच्या ओळखीची नाही. साहेबासमोर लेकरू नीटनेटकं दिसावं, एवढीच या सगळ्यातली तिला कळणारी आणि तिच्या हातातली गोष्ट. सरकारी कचेरीत माणसाला कपड्यांवरून जोखतात, हे तिनं तहसीलमध्ये, बँकेत, दवाखान्यात अनुभवलेलं असतं.

अमेरिकेच्या नियमांत मात्र मुलाखतीच्या पोशाखाबद्दल काहीच ठरवलेलं नाही. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला माणूस ओळखपत्रातलाच आहे ना, अर्जातली माहिती खरी आहे ना, एवढं तपासायचं असतं. आधी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ. मग अर्जातल्या नोंदी एकेक करून : कुठे राहिलात, कुठे नोकरी केली, किती दिवस देशाबाहेर होता, कर भरला का. त्याच बैठकीत इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं आणि इतिहास व राज्यकारभारावरच्या तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. पूर्वी शंभर प्रश्नांच्या यादीतून दहा विचारत आणि सहा बरोबर आले की काम होई. २० ऑक्टोबर २०२५पासून आलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे : यादी १२८ प्रश्नांची, विचारतात जास्तीत जास्त वीस, बरोबर हवीत बारा. यातला एकही गुण इस्त्रीला मिळत नाही.

पण माणूस आत शिरतो तो कपडे घालूनच, आणि त्या कपड्यांत तो ताठ बसतो की चुळबुळत, याचा परिणाम उत्तरांवर होतो. नवा कोरा सूट गळ्याशी आवळत असेल, तर ऐन वेळी गव्हर्नरचं नाव आठवत नाही. दारात विमानतळासारखी तपासणी असते. पट्टा, घड्याळ, जाड कडं काढून ट्रेमध्ये ठेवावं लागतं. मिनेसोटा किंवा शिकागोकडे जानेवारीतली तारीख आली, तर तिथल्या मराठी बाया वर्षानुवर्षं करत आल्या तेच करावं : आत थर्मल, त्यावर सुती साडी, पायांत मोजे आणि बूट, वरून जाडजूड कोट, आणि काखेत सगळी पारपत्रं व करविवरणं लावलेली फाईल. आत गेल्यावर कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, पदर सारखा करायचा आणि बसायचं. साडीची सवयच नसेल तर मुलाखतीसाठी ती मुद्दाम नेसू नये. रोजच्या कामाला जाताना जे अंगावर असतं त्यातलं स्वच्छ, धड, बेताचं निवडावं.

परक्या देशात काय ल्यावं, हा पेच मराठी घरांना नवा नाही. आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या. त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असं सांगितलं. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला घेतली. अंग झाकलं गेलं, ऊब मिळाली आणि साडीही सुटली नाही. ऑक्टोबर १८८५मधलं त्यांच्या कॉलेजचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन विद्यार्थिनी : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा वेश आहे. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८८६ला, आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या नागरिकत्व मागायला गेल्या नव्हत्या, शिकायला गेल्या होत्या. तरी वेशाबद्दलचा त्यांचा निर्णय आजही पुरा पडतो : हवामानापुढे नमतं घ्यायचं, लाजेपोटी काही टाकायचं नाही.

सुरुवातीच्या काळात नागरिकत्व मागणाऱ्या काही हिंदी माणसांचं काय झालं, हेही या निमित्तानं सांगायला हवं. भगतसिंग थिंड हे पंजाबी शीख पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करात भरती झाले. डोक्यावर पगडी तशीच होती, अंगावर अमेरिकेचा गणवेश. त्या गणवेशातच डिसेंबर १९१८मध्ये त्यांनी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेतलं. चार दिवसांत ते रद्द झालं. पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. १९ फेब्रुवारी १९२३ला निकाल लागला : हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्या देशासाठी सैनिकाचे कपडे चढवलेल्या माणसालाच हे ऐकावं लागलं.

वैष्णोदास बगाई यांची गोष्ट तर काळीज हलवणारी आहे. १९१५मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन ते पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. दुकान घातलं, अस्खलित इंग्रजी बोलत, सूट-बूट वापरत. तिथल्यासारखं राहायला हवं म्हणून जे जे करता येईल ते त्यांनी केलं आणि १९२१ साली ते नागरिक झाले. थिंड निकालानंतर ते नागरिकत्व काढून घेतलं गेलं. बिनपारपत्राचे, बिनदेशाचे झालेल्या बगाईंनी १९२८मध्ये आत्महत्या केली. सुटानं त्यांना वाचवलं नाही, कारण अडवणूक कपड्यांची नव्हती, कातडीची होती. ती हटली १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्यानं. त्यानंतर कला बगाई स्वतः अमेरिकेच्या नागरिक झाल्या.

म्हणून "साहेबी कपडे घातले की काम होतं" हा आपल्याकडचा समज सोडून द्यावा. आज मुलाखतीच्या खोलीत बसायचा जो हक्क आहे, तो कायदा बदलून मिळालेला आहे, आणि तो कुर्त्यातल्या माणसाला तेवढाच लागू आहे.

सगळीकडे मात्र इतकं मोकळं नाही. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्वाच्या अर्जावर गावाचाही शब्द चालतो. बाझलजवळच्या बूबेनडॉर्फमध्ये २०१६ साली कोसोवोहून येऊन स्थिरावलेल्या एका कुटुंबाचा अर्ज अडला. गावसमितीच्या आक्षेपांत दोन गोष्टी होत्या : ही माणसं येता-जाता नमस्कार करत नाहीत आणि गावात ट्रॅकपँट घालून फिरतात. पालीच्या ग्रामसभेनं एखाद्याला तो लुंगीवर पारावर येतो म्हणून गावकरी मानायला नकार द्यावा, तसंच हे. अशा अधिकाराला वेळीच वेसण हवी.

कॅनडात गोष्ट कोर्टात गेली. नागरिकत्वाची शपथ घेताना चेहरा झाकता येणार नाही, असा नियम तिथल्या सरकारनं २०११मध्ये केला. पाकिस्तानातून आलेल्या झुनेरा इशाक यांनी त्याला आव्हान दिलं. ओळख पटवण्यासाठी स्त्री अधिकाऱ्यापुढे चेहरा दाखवायला त्यांची हरकत नव्हती. चारचौघांत शपथ घेताना नकाब काढायला होती. न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि ऑक्टोबर २०१५मध्ये, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, त्यांनी नकाबातच शपथ घेतली. नकाबाबद्दल कुणाचं मत काहीही असो, ओळख पटवणं आणि पोशाख ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या खटल्यातून स्वच्छ दिसलं.

आपल्याकडचा कायदाही या बाबतीत समजूतदार आहे. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात कपड्यांचा उल्लेख नाही, भाषेचा आहे : देशीयकरणानं नागरिक होऊ पाहणाऱ्याला आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यायला हवी. म्हणजे मराठीही चालते. मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट १९८३मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात अखेरपर्यंत राहिल्या. जोतीराव फुल्यांच्या चळवळीवर त्यांनी केलेलं काम आणि परित्यक्ता स्त्रियांसोबतचे त्यांचे मोर्चे, हीच महाराष्ट्राला त्यांची ओळख.

अमेरिकेत पोशाखाची खरी सूचना येते ती मुलाखत झाल्यावर. शपथविधीच्या बोलावण्यातच लिहिलेलं असतं : प्रसंगाला शोभेल असे कपडे घाला, जीन्स, अर्धी चड्डी, रबरी चपला नकोत. ही अपेक्षा रास्त आहे. त्या सभागृहात कितीतरी देशांची माणसं एका वेळी हात वर करतात, आणि पैठणी किंवा इरकल नेसायची ती या दिवशी. ग्रीन कार्ड तिथंच परत द्यायचं असतं. पुढे भारतीय पारपत्रही जमा करावं लागतं, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. सणाचे कपडे घातलेल्या कित्येकांचे डोळे त्या दिवशी भरून येतात, ते यासाठीही.

मुलांपाठोपाठ गेलेल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झालेल्या आई-वडिलांसाठी कपड्यांपेक्षा एक नियम जास्त कामाचा आहे. ग्रीन कार्डावर वीस वर्षं झालेली पन्नाशीपुढची माणसं, किंवा पंधरा वर्षं झालेली पंचावन्नपुढची माणसं, यांना इंग्रजीची परीक्षा माफ असते. दुभाषा सोबत नेऊन ती राज्यकारभाराचे प्रश्न मराठीतून सोडवू शकतात. पासष्टीपुढच्या, वीस वर्षं झालेल्यांना प्रश्नांची यादीही छोटी मिळते. आणि पहिल्या खेपेला काही चुकलंच, तर राहिलेल्या भागाची परीक्षा ६० ते ९० दिवसांत पुन्हा देता येते.