एक वॅट तरी आमच्या नावावर करा

प्रति,
वायरलेस सल्लागार, भारत सरकार,
डब्ल्यूपीसी विभाग, दूरसंचार विभाग, संचार भवन, नवी दिल्ली

विषय : मुंबई उपनगरांत हौशी, छोट्या पल्ल्याच्या एफएम प्रसारणाला मर्यादित परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

मुलुंडमध्ये मी सुटीच्या दिवसांत शाळकरी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मुले रेडिओ जोडायला शिकतात आणि तो वाजला की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, आता आपला आवाज रेडिओवर कसा आणायचा?’ त्याचे उत्तर मी फळ्यावर देतो, टेबलावर देत नाही. कारण टेबलावर दिले तर कायदा मोडतो.

लॅमिंग्टन रोडवर किरकोळीत मिळणारे सामान पुरते. बीएफ-४९४ जातीचा एक ट्रान्झिस्टर, रिफिलवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे काही वेढे, एक ट्रिमर, कंडेन्सर माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. शेजारी साधा एफएम रेडिओ ठेवून काटा हळूहळू सरकवायचा. खरखर चालू असते आणि एका जागी ती एकाएकी गप्प होते. तीच आपल्या लहरीची जागा. माइकवर टिचकी मारली की रेडिओत टकटक उमटते. वेढ्यांजवळ हात नेला तरी केंद्र जागचे हलते. भौतिकशास्त्राचे अख्खे प्रकरण मुलाच्या तळहाताखाली येते. एवढा मोलाचा प्रयोग आमच्या मुलांना करून पाहता येत नाही, म्हणून हे पत्र.

मर्यादाच नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती का हवी, हे आम्हा उपनगरवासीयांइतके कोणाला कळणार? विमानतळ अंधेरी, पार्ले आणि सांताक्रूझच्या कुशीत आहे. पूर्वेकडून उतरणारी विमाने घाटकोपरच्या गच्च्यांवरून जातात. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. १०८ ला तो संपतो आणि तिथूनच वैमानिकाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या लोकलायझरचा पट्टा सुरू होतो. ११८ च्या वर वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे चालते. फिल्टर न लावलेला ट्रान्समीटर ९८ वर ठेवला, तर तो १९६ वरही ऐकू येतो, आणि जुळणी बिघडलेली असेल तर नको त्या आणखी ठिकाणीही उमटतो. अशा यंत्राला कोणी दहा-पंधरा वॅटचा ॲम्प्लिफायर जोडून सतराव्या मजल्याच्या गच्चीवर अँटेना उभारली, तर त्याला छंद म्हणता येणार नाही. ते यंत्र आपण जप्त करावे. आम्ही आपल्याच बाजूने उभे राहू.

माझा आक्षेप वेगळा आहे. आज आपल्याकडे सामान्य माणसासाठी शून्य आहे आणि त्यानंतर एकदम शंभर वॅट. मध्ये पायरीच नाही.

शंभर वॅट ही सामुदायिक रेडिओची नेहमीची कमाल प्रभावी शक्ती. हे दार २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी उघडले, आणि त्याचे चीज झाले. कालिन्याच्या संकुलातून मुंबई विद्यापीठाचे केंद्र १०७.८ वर बोलू लागले. साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ उभी राहिली. पण त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, तिची किमान तीन वर्षे भरलेली हवीत, स्टुडिओ हवा, मनोरा हवा. व्यक्तीला तिथे प्रवेशच नाही. आणि आमच्यासारख्या दाट वस्तीत मोकळी फ्रिक्वेन्सी शोधणे हे वेगळेच दुखणे. एका सोसायटीला किंवा एका शाळेला पाच-सात किलोमीटरचा पल्ला करायचाय काय? त्यांना आपल्या आवारापुरता आवाज हवा आहे.

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम परवाना घ्या, असे कोणी म्हणेल. अवश्य घ्यावा, मीही मुलांना त्याच वाटेला लावतो. बारा वर्षांच्या मुलालाही ती परीक्षा देता येते. पण हॅमचे बोलणे हॅमशी. सर्वांसाठी प्रसारण करायला तिथे मनाई आहे, संगीतालाही मनाई आहे. तो संवादाचा परवाना आहे आणि आमची गरज प्रसारणाची आहे.

आपल्या विभागाला लहान शक्तीची भीती वाटते, असेही नाही. घराघरांतल्या वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपणच २००५ मध्ये परवानामुक्त केलात, चार वॅटपर्यंतच्या विकीर्ण शक्तीला. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडवर पाच वॅट चालतात. २०१८ मध्ये ४४६ मेगाहर्ट्झवरचे छोटे वॉकीटॉकी मोकळे झाले. प्रत्येक वेळी आपण शक्तीचा आकडा ठरवलात, यंत्राची तपासणी ठरवलीत, आणि त्या चौकटीत लोकांवर विश्वास टाकलात. तोच विश्वास एफएमच्या एका कोपऱ्यात का नसावा?

जगात हे झाले आहे. न्यूझीलंडमध्ये एफएम पट्ट्याच्या दोन्ही टोकांना थोडी जागा राखून ठेवली आहे. तिथे सर्वसाधारण परवान्याखाली एक वॅटपर्यंतचे केंद्र कोणीही चालवू शकतो, वेगळा अर्ज करावा लागत नाही. जपानने मर्यादा वॅटमध्ये घातली नाही, क्षेत्रतीव्रतेत घातली : तीन मीटरवर मीटरमागे ५०० मायक्रोव्होल्ट. त्या चिमुकल्या जागेत १९८० च्या दशकात टोकियोच्या गल्ल्यांत ‘मिनी एफएम’ची चळवळ उभी राहिली. तेत्सुओ कोगावा या माध्यम-अभ्यासकाने तिला बळ दिले. अमेरिकेत तीन मीटरवर २५० मायक्रोव्होल्टपर्यंत परवाना लागत नाही, आणि त्यापलीकडे जाणाऱ्यांवर मात्र २०२० च्या कायद्याने वीस लाख डॉलरपर्यंत दंडाची तलवार आहे. सवलत आणि धाक हे दोन्ही हातात हात घालून चालतात. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती चौपट लागते, म्हणजे आकडा लहान ठेवला की पल्ला आपोआप आवरलेला राहतो.

आपल्याकडचा इतिहासही काही सांगतो. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महतो यांनी दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तातला ट्रान्समीटर बनवून गावासाठी ‘राघव एफएम’ चालवले. परवाना नव्हता म्हणून मार्च २००६ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस सामुदायिक रेडिओचे नवे धोरण आले, पण त्यातही एकट्या माणसाला जागा नव्हती. ज्याने गरज दाखवून दिली, तोच दाराबाहेर राहिला.

आणि मुंबईने तर १९४२ पाहिले आहे. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टच्या अखेरीपासून जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. ते परक्या सत्तेविरुद्धचे बंड होते. आज फळ्यासमोर बसलेल्या मुलाचे कोणाशी भांडण नाही. मात्र २०२३ च्या दूरसंचार कायद्याने विनापरवाना जाळे उभारण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. गंभीर गुन्ह्याला ती योग्यच. पण चाळीच्या एका जिन्यापुरता ऐकू जाणारा प्रयोग या तराजूत बसवायचा का, हे कायद्याखालच्या नियमांत स्पष्ट लिहिता येईल, आणि ते काम आपल्या हातात आहे.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सांगितले. लोकहितासाठी नियमन हवे, हेही त्याच निकालाने सांगितले. मालमत्ता जनतेची आणि नियमन जनतेच्या हिताचे, ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तर जनतेला निदान एक कोपरा मिळायला हवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ मध्ये कमी शक्तीच्या, छोट्या पल्ल्याच्या एफएमवर चर्चापत्र काढले. ड्राइव्ह-इन सिनेमा, रुग्णालये आणि निवासी संकुले यांचा विचार त्यात होता. म्हणजे प्रश्न सरकारच्या टेबलावर आलेला आहे. व्यावसायिक गरज ऐकली गेली, तशी हौशी माणसाचीही ऐकावी.

गरज नुसत्या हौसेचीही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, फोन मुके झाले. कुठल्या गल्लीत पाणी चढले, कुठली शाळा उघडी आहे, हे सांगायला वस्तीचा स्वतःचा आवाज नव्हता. बॅटरीवर चालणारा रेडिओ अजूनही कित्येक घरांत आहे. जो ट्रान्समीटर वर्षभर मुलांच्या नाटुकल्यांसाठी वापरला, तोच अशा रात्री कामाला येतो. मात्र तो चालवणारे हात आधी तयार झालेले हवेत.

म्हणून चार मागण्या करतो.

पहिली : एफएम पट्ट्यात १०८ च्या सीमेपासून लांब, खालच्या टोकाला एक अरुंद जागा राखावी. तिथे तपासलेल्या यंत्रांना क्षेत्रतीव्रतेच्या ठरलेल्या मर्यादेत परवान्यातून सूट द्यावी. ती इमारतीपुरती असली तरी चालेल.

दुसरी : शाळांची संमेलने, गणेशोत्सव, ग्रंथोत्सव यांसाठी दहा दिवसांची, एक वॅटपर्यंतची तात्पुरती परवानगी असावी. विमानतळालगतचा टापू वगळावा. अर्ज एका पानाचा आणि मराठीतही असावा.

तिसरी : बोरिवलीला गोराई रस्त्यावर आपले आंतरराष्ट्रीय मॉनिटरिंग स्टेशन आहे. वर्षातून एकदा त्याचे दार शाळांना उघडावे. चुकार लहर कशी हुडकतात, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला फिल्टरचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

चौथी : ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीला २०२५ मध्ये जशी शिस्त लावली, तशीच बिनफिल्टरच्या, जास्त वॅटच्या एफएम ट्रान्समीटरांनाही लावावी. धोका तिथे आहे. पहिल्यांदा चुकलेल्या विद्यार्थ्याला मात्र समज देऊन सोडावे.

आमच्याकडूनही शब्द घ्या. यंत्राला लो-पास फिल्टर असेल, चालवणाऱ्याचे नाव आणि संपर्क नोंदलेला असेल, आणि कोणाच्या कामात अडथळा आल्याचा एक फोन आला तरी त्याच क्षणी यंत्र बंद होईल. यात कसूर झाली तर सवलत खुशाल काढून घ्या.

येत्या मे महिन्यात नवी मुले वर्गाला येतील आणि तोच प्रश्न विचारतील. त्याआधी निदान मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवाव्यात, ही विनंती. त्यावर पहिली सूचना आमच्या वर्गाची येईल आणि ती मुले स्वतः लिहितील.

आपला विश्वासू,
एक रेडिओ-शिक्षक, मुलुंड (पूर्व)