ब्लँकेट विकलं म्हणून

या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण झालं आणि त्यात मीही उतरले. कारण होतं एक ब्लँकेट. डिसेंबरच्या अखेरीस सोसायटीनं वर्गणी काढून पुलाखाली झोपणाऱ्या माणसांना ब्लँकेटं वाटली होती. बुधवारी आमच्यातले एक गृहस्थ जुन्या बाजारात गेले, तर तेच राखाडी, लाल काठाचं ब्लँकेट एका पथारीवर विकायला मांडलेलं. त्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि धडाधड मेसेज पडायला लागले. यांना द्यायचंच कशाला, दारूला पैसे हवे असणार, पुढच्या वर्षीपासून बंद.

ज्यानं ते विकलं त्याला मी ओळखते. जालन्याकडचा आहे, तिशीचा. लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम करतो, एरवी मांडव बांधणं-सोडणं, नाहीतर मजूर अड्ड्यावर उभं राहून मिळेल ते. मी सकाळी दूध आणायला जाते तेव्हा तो पुलाच्या खांबाशी अंथरूण गुंडाळत असतो. मी त्याला सरळ विचारलं, त्यानंही सरळ सांगितलं. “ताई, चार जागची चार आली. एक ठिवलं, तीन इकली. ठिऊन काय करू? म्युन्शिपाल्टीची गाडी आली की समदंच उचलून नेतेत.” तीन ब्लँकेटांचे दोनशे दहा रुपये आले आणि त्याच बाजारातल्या एका ढिगातून त्यानं काळे बूट घेतले. काळे बूट नसले तर केटररचा मुकादम पंगतीत वाढायला घेत नाही, मागे भांडी घासायला पाठवतो. त्याचा रोज कमी असतो.

मला विचाराल तर या माणसानं उत्तम व्यवहार केला. आपण त्याला चार वेळा तीच वस्तू दिली, त्यानं त्यातून स्वतःला हवी ती मिळवली. यात फसवणूक कुणाची झाली? दिलेल्या वस्तूचं काय करायचं हे ठरवायचा हक्क आपण वाढदिवसाच्या पाहुण्याला देतो. दिवाळीत आलेले मिठाईचे डबे आपण राजरोस पुढे सरकवतो. पुलाखालच्या माणसानं मात्र दिलेलं ब्लँकेट आमच्या डोळ्यांदेखत, आम्ही दिलं तसंच, अंगावर घेऊन झोपायचं. हे मला पटत नाही आणि ग्रुपवरही मी तेच लिहिलं.

मुळात त्याच्यापाशी ब्लँकेटाहून मोठी अडचण आहे ती ठेवायच्या जागेची. अंगावरचे कपडे, एक जोड जास्तीचा, ताट-वाटी, चटई, आधार कार्ड, दवाखान्याचे कागद, फोन आणि चार्जर. एवढाच संसार, पण दिवसभर कामावर जाताना तो कुठे ठेवायचा? जरा मान वर करून बघा, पुलाच्या तुळईवरच्या कपारीत, वडाच्या बेचक्यात, बंद पडलेल्या टेलिफोन खांबाच्या डब्यात गाठोडी कोंबलेली दिसतील. संध्याकाळी परत येईपर्यंत ती टिकतातच असं नाही. आधार कार्ड हरवलं की नवं काढायला दिवस मोडतो. दिवस मोडला की मजुरी गेली.

आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी हे फार पूर्वीच ओळखलं. त्यांच्या टेबलाखाली लाकडी कपाट आहे, वर कोळशाची इस्त्री, खाली कडी-कुलूप. त्या कपाटात गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या मागे रात्री रस्त्यावर झोपणाऱ्या तिघांच्या पिशव्या असतात. काकांनी एकीतली वस्तू त्या माणसाच्या समोर, त्याला विचारून मला दाखवली. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, उलटी करून, दुहेरी गुंडाळलेली, वर सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर. आत आधार कार्ड, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, एका मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो आणि वहीच्या कागदावर लिहिलेला एक फोन नंबर. नंबरातला शेवटचा आकडा घामानं पुसट झालेला. काकांनी तो बॉलपेननं पुन्हा गिरवून ठेवला होता.

काका परीट समाजातले. कपाटाच्या दारावर आतून गाडगेबाबांचा फोटो आहे, हातात खराटा असलेला. मी त्या फोटोकडे बघितलं तर म्हणाले, “बाबांनी सांगितलंय ना, बेघराला आसरा द्या म्हणून. माझं घर दहा बाय बाराचं, आम्ही पाच माणसं. माणूस नाही ठेवता येत, पिशवी ठेवतो.” गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबर बेघराला आसरा हेही आहे, आणि बाबांनी ते नुसतं कीर्तनात सांगितलं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी घर बांधलं नाही. त्यांच्या नावानं दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला आलेली गावाकडची माणसं राहतात. ही धर्मशाळा नसती तर यातले कित्येक जण परळच्या पदपथावर झोपले असते.

आकड्यांचंही सांगते आणि पुढे जाते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री रस्त्यावर, पुलाखाली, फलाटावर, मोठ्या नळांच्या आत, देवळांच्या मंडपात झोपलेल्या माणसांची मोजणी झाली. देशात पावणेअठरा लाखांच्या आसपास माणसं निघाली, महाराष्ट्रात दोन लाखांवर. २०१० च्या जानेवारीत दिल्लीतल्या थंडीचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाख वस्तीमागे शंभर माणसांची सोय, असा निकष आला. म्हणजे दहा लाखांच्या शहरात हजार जणांची. आपल्या शहरात किती जणांची आहे हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारता येतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

निवारा असला तरी काही जण तिथे जात नाहीत. त्यांना लोक आळशी म्हणतात, याचंही मला वाईट वाटतं. सकाळी सातला मजूर अड्डा भरतो आणि आठला मोडतो. निवारा आठ किलोमीटरवर असेल तर अड्डा चुकतो. जिथे पुरुषांची सोय असते तिथे बायको-मुलं चालत नाहीत, कुटुंब तोडून कोण झोपायला जाईल? भंगार वेचणाऱ्याला हातगाडी आत नेऊ देत नाहीत आणि गाडी बाहेर सोडली तर ती सकाळी असेल याचा भरवसा नाही. माणसं झोपतात ती कामाच्या जवळ. आपणही घर बघताना आधी ऑफिस किती लांब तेच विचारतो.

आता लग्नांबद्दल. हे मला केव्हापासून लिहायचं होतं. शहराबाहेरच्या लॉन्सवर स्वागत समारंभ होतात, शेवटची पंगत रात्री अकराला उठते. मग वाढपी पोरं टेबलं पुसतात, उरलेलं पातेल्यात काढतात, भांडी टेम्पोत चढवतात. साडेबारा-एक होतो. शेवटची बस गेलेली असते. टेम्पोत जागा भांड्यांना असते, पोरांना नसते. त्यांच्यातले ज्यांना शहरात खोली आहे तेही त्या रात्री लॉन्सच्या कुंपणाबाहेर, नाहीतर चालत चालत स्टेशनपर्यंत येऊन तिथे आडवे होतात. ज्यांना खोलीच नाही त्यांचं तर असं रोजच. तुमच्या घरी कार्य असेल तर केटररशी बोलताना पनीर किती आणि स्वीट कुठलं याच्या जोडीला एवढं विचारा की ही माणसं रात्री परत कशी जाणार. गाडीचे पैसे बिलात धरायला सांगा. पाचशे पानांच्या लग्नात त्याची झळ कुणालाही लागणार नाही. आणि वाढप्यांना पंगती उठायच्या आधी जेवू घाला. दहा वाजेपर्यंत उपाशीपोटी गुलाबजाम वाढत फिरणाऱ्या पोराच्या चेहऱ्याकडे मांडवात कुणाचंच लक्ष नसतं.

बायकांचं याहून अवघड आहे. मारुतीच्या देवळामागे एक बाई तिच्या सहावी-सातवीतल्या मुलीला घेऊन झोपते. दिवसा फुलांच्या दुकानात हार गुंफते. ती आणि तिच्यासारख्या कितीतरी बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, कारण रात्री जायला जागा नाही. सुलभ रात्री बंद होतं, अंधारात आडोशाला जायची भीती. उन्हाळ्यात यानं लघवीचा त्रास सुरू होतो आणि मग दवाखाना. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनसाठी बांधलेलं स्वच्छतागृह आहे, बाहेरून दार असलेलं. ते रात्री या मायलेकींना वापरू द्यावं असा ठराव मी मांडला आहे. विरोध होईल. मी मागे हटणार नाही. पाणी आणि संडास या दोन गोष्टी देण्यासाठी कुठलीही संस्था काढावी लागत नाही, एका कुलपाची जास्तीची किल्ली लागते.

आजारपणात माणूस एकटा असणं म्हणजे काय हे सरकारी रुग्णालयाच्या रांगेत कळतं. केसपेपरच्या खिडकीवर, वॉर्डात, रक्ताच्या बाटलीच्या कागदावर, सगळीकडे एकच प्रश्न: सोबत कोण आहे? कुणी नाही म्हटलं की काम तिथेच अडतं. अशा माणसाबरोबर एक सकाळ काढून नुसतं उभं राहिलात, गोळ्या कधी घ्यायच्या हे डॉक्टरांकडून समजून घेऊन त्याला त्याच्या भाषेत सांगितलंत, तर औषधाइतकाच गुण येतो, हे मी पाहिलं आहे. म्हातारं माणूस रस्त्यावर निराधार दिसलं तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा नंबर आहे, मुलांसाठी १०९८.

आणि जो एकटाच बोलतो, केस जटा झालेले, उन्हातही तीन कोट घालून फिरतो, ज्याला पाहून आपण मुलांचा हात धरून पलीकडे जातो, त्याच्यासाठीही कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यायचा. ठाण्यात जाताना हे कलम कागदावर लिहून न्यावं.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. मुंबईत त्यांना एक तरुण करवंटीनं गटारातलं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात आणलं, उपचार केले. बरा झाल्यावर कळलं की तो पदवीधर आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यास केलेला, वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी. वडील येऊन त्याला घेऊन गेले. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू झालं, पुढे कर्जतचं केंद्र झालं, २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी असंच काम करतात. आपल्यातल्या प्रत्येकाला संस्था उभी करता येणार नाही. थांबून बघता मात्र येतं, आणि वाटवानींचंही काम तिथूनच सुरू झालं.

सांगलीहून एका वाचक बाईंनी मागे पत्रातून विचारलं होतं की हात पसरणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही. माझं मत: द्यावेसे वाटले तर द्यावेत आणि दिल्यावर त्याचा हिशेब मागू नये. पण त्याला काम देत असाल तर मजुरी संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, पूर्ण द्यावी. “उद्या ये, सुटे नाहीत” हे वाक्य पुलाखाली झोपणाऱ्याला सांगू नये, त्याची रात्रीची भाकर त्याच पैशांवर असते.

पुढच्या आठवड्यात मी जालन्याच्या त्या पोराबरोबर मतदार यादीचा फॉर्म ६ भरणार आहे. घर नसलेल्यालाही नाव नोंदवता येतं, निवडणूक आयोगाची तशी तरतूद आहे. तो जिथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपण ज्याला बीएलओ म्हणतो तो, एकाहून अधिक रात्री तिथे येऊन हा माणूस खरंच इथे झोपतो का हे बघतो आणि पटलं तर रहिवासाचा दुसरा पुरावा मागत नाही. त्याचा खांब कुठला, समोर कुठलं दुकान, हे त्यानं मला लिहून दिलं आहे. बीएलओंना फक्त एकच विनंती करावी लागेल, रात्री एकनंतर या. लग्नसराई आहे, त्याआधी तो कामावर असतो.