गोल्फपटूंच्या स्पष्टोक्तीचे मोल

जून २०२४ मध्ये अमेरिकेतील पाइनहर्स्ट येथे यूएस ओपन ही गोल्फमधील मानाची स्पर्धा ब्रायसन डीशॅम्बोने जिंकली. परंतु उपविजेता रोरी मॅकिलरॉय वार्ताहरांशी एक अक्षरही न बोलता मैदानातून निघून गेला, ही बातमीही विजयाच्या बातमीइतकीच गाजली. पाच होल उरले असताना दोन फटक्यांनी पुढे असलेला हा खेळाडू अखेर एका फटक्याने हरला. सोळाव्या व अठराव्या होलवर चेंडू भोकापासून चार फुटांच्याही आत होता आणि दोन्ही वेळा तो आत गेला नाही. पराभूताने तोंड चुकवावे यात नवल ते काय, असे अन्य खेळांच्या चाहत्याला वाटेल. गोल्फमध्ये मात्र ते नवल ठरते. १९९६ च्या मास्टर्समध्ये ग्रेग नॉर्मनने शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी गमावली आणि तो निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. तरीही त्याने पत्रकारांच्या प्रश्नांना बसून उत्तरे दिली. या खेळाची रीत अशी आहे.

या रीतीचे श्रेय सामान्यतः गोल्फपटूंच्या शीलाला दिले जाते, आणि तसे वाटावे अशी उदाहरणे आहेतही. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. त्याच्या गुणपत्रकावर सहखेळाडू टॉमी ॲरनने मात्र चार लिहिले. दे विसेन्सोने न तपासता सही केली. नियमाप्रमाणे वाढीव आकडा कायम राहिला, बरोबरी हुकली आणि विजेतेपद बॉब गोल्बीकडे गेले. लाखो लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेला फटका कागदाने नाकारला होता. दे विसेन्सोने ना नियमाला दोष दिला, ना ॲरनला; मूर्ख आपणच, असे तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. तो दिवस त्याच्या वाढदिवसाचा होता.

परंतु केवळ शीलाने या गोष्टीचा उलगडा होत नाही. क्रिकेटपटूला पंच असतो, खेळपट्टी असते, झेल सोडणारा सहकारी असतो. संघ निवडणाऱ्यांची मर्जी राखायची असते. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, फटका आपला आपणच मारायचा असतो आणि तो कोठे पडला हे सर्वांना दिसते. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणण्याची सोयच या खेळाने ठेवलेली नाही. जी चूक लपवता येत नाही, ती कबूल करण्यास खर्च फारसा पडत नाही. उलट कबुली देणाऱ्याला सहानुभूतीच मिळते. अर्थशास्त्राच्या भाषेत, ही स्पष्टोक्ती स्वस्त आहे. स्वस्त म्हणजे खोटी नव्हे. पण तिच्यावरून माणसाच्या निर्भीडपणाचे माप काढू नये.

हे माप कोठे चुकते, ते फिल मिकेलसनच्या उदाहरणात दिसते. २००६ च्या यूएस ओपनमध्ये अखेरच्या होलवर त्याने हातची स्पर्धा घालवली आणि वार्ताहरांसमोर स्वतःला बिनदिक्कत मूर्ख म्हणवून घेतले. लोकांनी त्याच्यावर अधिकच प्रेम केले. पुढे सौदी अरेबियाच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या नव्या स्पर्धामालिकेविषयी तो एका चरित्रकाराशी तितक्याच मोकळेपणाने बोलला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते उद्गार प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला माफी मागावी लागली आणि प्रायोजकांनी पाठ फिरवली. माणूस तोच, जीभ तीच; विषय तेवढा फटक्यावरून पैशावर गेला होता. तेव्हा पैशाच्या बाबतीत गोल्फपटू झाकली मूठ सव्वा लाखाची मानू लागले, तर आश्चर्य नाही.

मे २०२५ मधील पीजीए अजिंक्यपद स्पर्धेतही हेच दिसले. लांब फटका मारण्याच्या ज्या क्लबला ड्रायव्हर म्हणतात, तो मॅकिलरॉयचा ड्रायव्हर स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत नियमबाह्य ठरला. वापराने त्याचा पत्रा झिजून असे घडू शकते. त्यात खेळाडूची लबाडी असावी लागत नाही. तरीही चार दिवस तो वार्ताहरांशी बोलला नाही. त्याच तपासणीत आपलाही ड्रायव्हर बाद झाल्याचे विजेत्या स्कॉटी शेफलरने अखेरच्या दिवशी विचारताच सांगून टाकले आणि दोन मिनिटांत विषय संपला. गुप्त राहावयाची माहिती फुटली याचा आपल्याला राग होता आणि शेफलरलाही सांभाळून घ्यावयाचे होते, असा मॅकिलरॉयचा नंतरचा खुलासा. तो खोटा मानण्याचे कारण नाही. पण चार दिवसांच्या मौनाने संशयाला जागा दिली, हेही तितकेच खरे.

आपण कोणाचे काही देणे लागत नाही, असे कॉलिन मोरिकावाने मार्च २०२५ मध्ये, बे हिल येथील पराभवानंतर न बोलता निघून गेल्याबद्दल विचारले असता, सांगितले. नियमाने पाहिले तर ते बरोबर आहे. पीजीए टूरवर तेव्हा तरी तशी सक्ती नव्हती. हिशेबाने पाहिले तर ते पटत नाही. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये बक्षिसांची रक्कम दोन कोटी पंधरा लाख डॉलर होती आणि हरलेल्या मॅकिलरॉयलाही २३ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. हा पैसा प्रक्षेपणाचे हक्क आणि प्रायोजक यांच्याकडून, म्हणजे अंतिमतः प्रेक्षकांकडून येतो. त्यांनी फटक्यांबरोबर फटक्यामागचा विचारही ऐकण्याची अपेक्षा धरली, तर ती फाजील म्हणता येणार नाही.

म्हणून दंडाची तरतूद करावी काय? टेनिसमध्ये ती आहे. २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषद टाळल्याबद्दल नाओमी ओसाकाला पंधरा हजार डॉलर दंड झाला आणि तिने मानसिक स्वास्थ्याच्या कारणास्तव स्पर्धाच सोडली. दंडाच्या भीतीने माणूस ध्वनिक्षेपकासमोर येऊन बसेल; तो काय बोलेल, हे दंड ठरवू शकत नाही. सक्तीच्या मुलाखतींत ‘एकेका फटक्याचा विचार केला’ या छापाची वाक्येच अधिक ऐकू येतील. पराभवानंतर तासभर एकांत मिळावा, एवढी सवलत मात्र माणुसकीच्या नात्याने खेळाडूला द्यावयास हवी.

पाइनहर्स्टला मॅकिलरॉय पूर्ण गप्प राहिला असेही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने लेखी निवेदन काढून, व्यावसायिक खेळाडू म्हणून जवळजवळ सतरा वर्षांतला हा बहुधा सर्वांत कठीण दिवस, असे मान्य केले. खेळाडूंना आता आपले म्हणणे वृत्तपत्रांवाचून थेट लोकांपर्यंत पोचवता येते, आणि वार्ताहराचे महत्त्व घटले आहे ते यामुळेच. परंतु निवेदनाला उलट प्रश्न विचारता येत नाही. अखेरच्या चार होलवर कोणता क्लब, कोणाच्या सल्ल्याने निवडला, हे त्या संध्याकाळी कोणी विचारू शकले नाही; आणि मग टीकाकारांनी उत्तर स्वतःच शोधून त्याच्या कॅडीला, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणाऱ्या आणि फटक्याआधी सल्ला देणाऱ्या हॅरी डायमंडला, दोषी ठरवले. ही टीका अन्यायाची आहे, असे मॅकिलरॉयने जाहीरपणे सांगितले खरे. परंतु तोवर जुलै उजाडला होता.