बैठकीच्या खोलीत घरचं थिएटर

दसरा-दिवाळी जवळ आली, की घराघरांत एक विषय हमखास निघतो : “यंदा मोठा टीव्ही घेऊ, घरीच थिएटर करू!” हौस चांगलीच आहे. पण मैत्रिणींनो, दुकानात जाण्याआधी टेप घ्या आणि बैठकीची खोली मोजा.

आमच्या खडकीत पुष्कळ घरं दोन-तीन खोल्यांची. बाजारातल्या जुन्या घरांत तर आपली भिंत तीच शेजारच्यांची भिंत. त्याच खोलीत दुपारी पाहुणे बसतात, संध्याकाळी मुलं अभ्यास करतात आणि रात्री सासूबाईंचं अंथरूण पडतं. तेव्हा थिएटरनं खोलीशी जुळवून घ्यायचं, खोलीनं थिएटरशी नव्हे.

आधी पडदा. बसल्या जागेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि त्याला १.६ नं भागा. अंतर सात फूट, म्हणजे ८४ इंच असेल, तर उत्तर येतं साधारण ५२. तिथे ५० इंची टीव्ही पुरे. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं असतं, बरं का! त्याची रुंदी साडेतीन फुटांहून थोडी जास्त भरते. तेवढी भिंत मोकळी आहे ना, ते पाहा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. शोकेसच्या वर, छताजवळ टांगलेल्या टीव्हीनं मान अवघडते. खिडकीसमोरची भिंतही टाळावी, दिवसा पडद्यावर उजेड चमकतो.

मग आवाज. दुकानदार पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच दाखवेल. त्यातले दोन स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे लावायचे असतात. आपला सोफा भिंतीला टेकलेला. मग ते ठेवणार कुठे? अशा खोलीत एक चांगला साउंडबार किंवा पुढचे दोन स्पीकर पुरतात. शिवाय वायरी कमी, म्हणजे केर काढताना कटकटही कमी.

आणखी एक सोपी परीक्षा. खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा. आवाज घुमला, तर महागडा स्पीकरही तिथे घुमणारच. नुसत्या फरशीवरून आणि गिलाव्यावरून आवाज परततो. जाड पडदे, खाली सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी तो बराच शोषला जातो. हे सामान बहुधा आपल्या घरातच असतं!

वडीलधाऱ्यांना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला जातो आणि मारामारी सुरू झाली की सगळे दचकतात. यासाठी पुष्कळ साउंडबारमध्ये संवाद ठळक करण्याची सोय असते, तसाच नाइट मोडही असतो. त्यानं मोठे आवाज आवरले जातात. घेताना या दोन्ही गोष्टी लावून पाहा, आणि सासूबाईंनाच ऐकायला सांगा.

सबवूफर घ्यायचाच, तर शेजाऱ्यांच्या भिंतीला किंवा कोपऱ्यात खेटून ठेवू नका. कोपऱ्यात घुमारा वाढतो, आणि तो खर्जातला आवाज भिंतीतून, स्लॅबमधून पार जातो. खाली जाड रबर घाला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण नियम राहू द्या. भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं बाळ निजलेलं असतं.

शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. पैसे मोजण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून वेळापत्रक ठरवावं : अभ्यास किती वाजेपर्यंत, आजींची झोप कधी, क्रिकेट कधी आणि तुमची मालिका कधी. नाही तर होतं काय, की टीव्ही सगळ्यांचा आणि वही घेऊन स्वयंपाकघरात बसतं ते पोर. आठवड्यातून एक सिनेमा, दिवे मंद, पोह्यांचा चिवडा आणि सगळे एकत्र. थिएटर याहून वेगळं काय असतं?