बॅनर-पान ते बिल्ड-लॉग : मोठ्या अक्षरांचा छोटा इतिहास

१/ मोबाइल ॲपच्या बिल्ड-लॉगमध्ये रेघा-ठिपक्यांनी रचलेली मोठाली अक्षरे दिसली, की पुष्कळ प्रोग्रामर त्यांना पोरखेळ म्हणतात. मला ते मान्य नाही. कारण इतिहासात आहे.

२/ मोठ्या संगणकांच्या काळात एकच लाइन प्रिंटर अनेकांत सामायिक असे. घड्यांच्या अखंड कागदावर सर्वांची कामे एकामागून एक छापली जात. एकाचे काम कुठे संपले आणि दुसऱ्याचे कुठे सुरू झाले, हे दुरूनही कळावे म्हणून मध्ये बॅनर-पान छापीत. प्रिंटरच्या अक्षरांचा आकार ठरलेला; तेव्हा लहान अक्षरे रचूनच मोठे अक्षर घडवावे लागे. ती सजावट नव्हती, ती सीमारेषा होती.

३/ १९६३ मध्ये १२८ संकेतांचे आस्की प्रमाण प्रसिद्ध झाले. पुढे युनिक्समध्ये ‘बॅनर’ नावाची आज्ञाच आली. १९९१ मध्ये ‘फिगलेट’ हा प्रोग्राम अवतरला. फ्रँक, इयन आणि ग्लेन या तिघांच्या नावांवरून तो ओळखला जातो. त्यामागची प्रेरणा मात्र ईमेलखालची नक्षीदार सही होती. सीमारेषेची हौस झाली ती अशी.

४/ २०१४ मध्ये आलेल्या ‘फास्टलेन’सारख्या साधनांनी ॲपची बांधणी, चाचणी आणि स्टोअरकडे रवानगी स्वयंचलित केली. एका बिल्डचा लॉग सहज हजारो ओळींचा होतो. तो अखंड कागद पुन्हा अवतरला आहे.

५/ माझ्या एका मैत्रिणीच्या चमूकडून चाचणी-सर्व्हरला जोडलेले ॲप थेट ग्राहकांपर्यंत गेले. लॉगमध्ये सर्व्हरचे नाव होते. पण एकाच ओळीत, गर्दीत हरवलेले. नोंद असणे आणि नोंद दिसणे यांत अंतर असते.

६/ बॅनर चूक रोखत नाही, हा आक्षेप रास्त आहे. रोखण्यासाठी तपासणीच हवी. शिवाय चित्ररूप अक्षरे शोधात सापडत नाहीत आणि स्क्रीन रीडरला ती निरर्थक चिन्हेच वाटतात. म्हणून बॅनरखाली तोच मजकूर साध्या ओळीतही असावा.

७/ बॅनर दोनच जागी असावा : आरंभी, बिल्ड चाचणीचे की ग्राहकांसाठीचे हे सांगणारा, आणि स्टोअरकडे पाठवण्याच्या क्षणाआधी. प्रत्येक पायरीवर लावला, तर सीमा उरत नाही, नुसती नक्षी उरते.